आधी लाईट गेली की आधी पाईप फुटला? एका पंपहाऊसच्या घटना-यादीचं प्रकरण

मराठवाड्यातल्या एका नदीकाठच्या पाणीपुरवठा योजनेत रात्री सव्वादोनच्या सुमारास जॅकवेलवरचे (नदीचं पाणी उचलणाऱ्या विहिरीवरचे) चालू पंप बंद पडले आणि त्याच दरम्यान रायझिंग मेन, म्हणजे पंपातून पाणी वर नेणारी मुख्य पाईपलाइन, एका जॉइंटला फाटली. पाणी शेतात शिरलं, शहराचा पुरवठा ठप्प झाला. दुरुस्ती लगेच सुरू झाली. पैसे कोणी द्यायचे यावर मात्र बैठकांमागून बैठका झाल्या.

प्रश्न साधा होता. पाईप आपणहून आधी फुटला असेल तर दोष पाईपलाइनच्या ठेकेदाराचा, कारण त्याचा दोषदायित्व कालावधी संपलेला नव्हता. आधी वीज गेली, पंप एकदम थांबले आणि उलट्या लाटेने जॉइंट उकलला असेल, तर ती लाट झेलायला बसवलेल्या एअर व्हेसलचं (दाबलेल्या हवेच्या टाकीचं) काम नीट झालं नव्हतं, आणि ते काम यांत्रिकी ठेकेदाराकडे होतं. दोघांच्या बाजू अर्ध्या-पाऊण सेकंदात कोणती घटना आधी घडली यावर टेकल्या होत्या. आणि जलशुद्धीकरण केंद्रातल्या स्काडाच्या (दूरवरची यंत्रं संगणकावरून पाहण्या-चालवण्याच्या प्रणालीच्या) घटना-यादीत, मिलिसेकंदांसकट, उत्तर छापलेलं होतं:

डिलिव्हरी प्रेशर लो: ०२:१४:०७.६४०
अंडरव्होल्टेज रिले पिकअप: ०२:१४:०७.७००
पंप २ ब्रेकर उघडला: ०२:१४:०७.७००

अंडरव्होल्टेज रिले म्हणजे व्होल्टेज बसल्याचं ओळखून पंपाचा ब्रेकर पाडणारं उपकरण, आणि पिकअप म्हणजे त्याने ते ओळखल्याचा क्षण. तेव्हा या यादीप्रमाणे प्रेशर आधी पडलं, वीज नंतर गेली. यांत्रिकी ठेकेदाराने याच कागदाची प्रत पत्राला जोडली. वर मल्लिनाथी अशी की पाईप फुटल्यावर पंपावरचा प्रवाह वाढला, मोटारी ओव्हरलोड झाल्या, त्यामुळे व्होल्टेज बसलं. शिवाय 'प्रेशर हाय'ची एकही नोंद यादीत नाही, तेव्हा उलटी लाट आलीच नाही.

रात्रपाळीच्या पंपचालकाचं म्हणणं वेगळं होतं. "मामा, नक्की आधी काय झालं?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "साहेब, आधी लाईट गेली. मी बॅटरी हुडकायला उठलो, तेवढ्यात एनआरव्ही धाडकन आपटला. पाईप फुटल्याचं तर शेतवाल्याचा फोन आला तेव्हा कळलं." (एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप.) पण माणसाच्या आठवणीपुढे मिलिसेकंदांचा छापील कागद जड पडतो. बैठकीत मामांना कोणी विचारलंही नाही.

यादी तपासण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा खटकल्या त्या शेवटच्या दोन ओळी. अंडरव्होल्टेज रिलेने पिकअप घेणं आणि ब्रेकर उघडणं या एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी. मध्ये रिलेचा ठेवलेला उशीर असतो, मग ट्रिप कॉइल, मग ब्रेकरची यंत्रणा. या दोन घटना एकाच मिलिसेकंदाला घडूच शकत नाहीत. आणि त्यांच्या वरची ओळ बरोबर ६० मिलिसेकंद आधीची. पीएलसीचा (पंप चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचा) स्कॅन टाइम, म्हणजे इनपुट वाचून प्रोग्रॅमची एक फेरी पुरी करायला लागणारा वेळ, पाहिला. तो ६० मिलिसेकंद होता.

यादीतली वेळ कोणाची?

पॅनेलमधली रचना नेहमीचीच. रॅकमध्ये पीएलसी, शेजारच्या स्लॉटमध्ये दुसऱ्या उत्पादकाचं कम्युनिकेशन मॉड्यूल, पुढे रेडिओ मोडेम आणि पलीकडे केंद्रातला मास्टर, म्हणजे स्काडाचा मुख्य संगणक. मॉड्यूल मास्टरशी डीएनपी३ या संदेशांच्या भाषेत बोलायचं. हा प्रोटोकॉल १९९३ मध्ये कॅनडात वेस्ट्रॉनिक कंपनीत तयार झाला आणि २०१० मध्ये आयईईई १८१५ म्हणून मानकात आला. मॉडबस या जुन्या, साध्या प्रोटोकॉलपेक्षा त्याची खरी मातब्बरी घटनांमध्ये आहे. बिंदू, म्हणजे एखादा संकेत, बदलला की त्याची वेळेसकट नोंद बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पडते आणि मास्टरकडून पोचपावती येईपर्यंत ती तिथून हलत नाही. लिंक तासभर बंद राहिली तरी, बफर भरत नाही तोवर, इतिहास शाबूत.

निविदेत 'वेळेच्या नोंदीसह घटना' एवढं लिहिलेलं होतं आणि कागदोपत्री ते पूर्ण झालेलं होतं. नोंदीवर वेळ होती. ती कोणी घातली, एवढंच कोणी विचारलं नव्हतं.

पीएलसी आणि मॉड्यूल यांच्यात डेटा बॅकप्लेनवरून (रॅकच्या मागच्या जोडपट्टीवरून) ठरावीक आकाराच्या ब्लॉकमध्ये जायचा. सगळे बिंदू एका ब्लॉकमध्ये मावत नसल्याने १२ ब्लॉक होते आणि दर स्कॅनला एकाची पाळी यायची. पूर्ण फेरी १२ गुणिले ६०, म्हणजे ७२० मिलिसेकंदांची. मॉड्यूल आलेला ब्लॉक आपल्या जुन्या प्रतीशी ताडून पाहायचं, फरक दिसला की स्वतःच घटना बनवायचं आणि स्वतःच्या घड्याळाची वेळ मारायचं. थोडक्यात, यादीतली वेळ घटना घडल्याची नव्हती, मॉड्यूलला ती कळल्याची होती.

प्रेशर लो दुसऱ्या ब्लॉकमध्ये होतं, रिले आणि ब्रेकर तिसऱ्यात. दुसरा ब्लॉक ०७.६४० ला गेला, तिसरा त्यानंतर एका स्कॅनने, ०७.७०० ला. त्याआधी हेच ब्लॉक ०६.९२० आणि ०६.९८० ला जाऊन आले होते. मग कागद खरं तर एवढंच सांगत होता: प्रेशर ०६.९२० ते ०७.६४० या दरम्यान कधीतरी पडलं, आणि वीज व ब्रेकर यांचं जे काही झालं ते ०६.९८० ते ०७.७०० या दरम्यान. दोन्ही खिडक्या जवळजवळ पूर्णपणे एकमेकींवर बसतात. आधी कोण, नंतर कोण, हे त्यातून निघतच नाही. छापलेला क्रम हा ब्लॉकच्या पाळीचा क्रम होता.

'प्रेशर हाय' यादीत का नाही, याचंही उत्तर इथेच. उलट्या लाटेचा दाब काही शे मिलिसेकंद टिकून उतरला असेल आणि त्या काळात त्या ब्लॉकची पाळीच आली नसेल, तर मॉड्यूलला आधीही शून्य दिसलं आणि नंतरही शून्य. नोंद नाही याचा अर्थ घटना घडली नाही, असा या रचनेत काढताच येत नाही.

त्या रात्रीचा निवाडा शेवटी रिलेच्या स्वतःच्या मेमरीतून झाला. रिलेचं घड्याळ काही मिनिटं मागे होतं, पण आतल्या आतल्या अंतराला त्याने फरक पडत नाही. त्यात पिकअप आणि ब्रेकर उघडणं यांत २१० मिलिसेकंद होते, स्काडात शून्य. तेवढ्याने छापील यादीचा पुरावा ढासळला. शिवाय पिकअपच्या आधीचा मोटारचा करंट नेहमीच्या लोडचाच होता, म्हणजे ओव्हरलोडची कथा बसत नव्हती. पीएलसीमध्ये 'पहिलं कारण' धरून ठेवणारा बिट होता, तोही अंडरव्होल्टेजचाच अडकलेला. पैशांचं पुढे काय ठरलं तो कंत्राटाचा भाग, इथे त्याची गरज नाही.

वेळांचा हा घोळ मोठमोठ्यांनाही भोवलेला आहे. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ऑन्टॅरिओ अंधारात गेला. त्यानंतर दोन्ही देशांच्या संयुक्त कृतिदलाला निरनिराळ्या रेकॉर्डरच्या वेळा जुळवून घटनाक्रम लावण्यातच प्रचंड खटपट करावी लागली. एप्रिल २००४ च्या अंतिम अहवालातली २८ वी शिफारस नेमकी याचीच आहे: वेळ जुळवलेले रेकॉर्डर सक्तीचे करा.

स्थिती नको, घटना द्या

दुरुस्तीचा सोपा मार्ग म्हणून पहिली सूचना आली ती स्कॅन कमी करण्याची. त्याने खिडकी अरुंद होते, जात नाही. मूळ मुद्दा असा की पीएलसी मॉड्यूलला फक्त स्थिती देत होता. स्थिती म्हणजे फळ्यावर लिहिलेला आकडा, पुसून नवा लिहिला तरी कोणाचं काही अडत नाही. घटना म्हणजे पोचपावतीचं पत्र. ते ज्याने पाहिलं त्याने लिहायचं, तारीख-वेळ त्यानेच घालायची, आणि पावती हातात पडेपर्यंत स्थळप्रत फाडायची नाही. मॉड्यूलमध्ये यासाठी सोय होती. नेहमीच्या डेटा ब्लॉकखेरीज एक राखीव क्रमांकाचा ब्लॉक पीएलसीने पाठवला, तर मॉड्यूल त्यातल्या घटना जशाच्या तशा, पीएलसीने दिलेल्या वेळेसकट, आपल्या बफरमध्ये टाकतं. मॅन्युअलमध्ये ते प्रकरण मागच्या पानांवर होतं आणि मूळ प्रोग्रॅमरने त्याला हात लावलेला नव्हता.

पीएलसीच्या बाजूने तीन कामं आली: घटना पकडणं, रांगेत ठेवणं, पोचवणं.

पकडण्यासाठी महत्त्वाचे इनपुट मुख्य लॅडरमधून (पीएलसीच्या प्रोग्रॅममधून) काढून ५ मिलिसेकंदांच्या वेगळ्या टास्कमध्ये घेतले. अंडरव्होल्टेज, ब्रेकर, प्रेशर लो आणि हाय, एनआरव्हीचा लिमिट स्विच, एवढेच. टाकीच्या दाराचा स्विच ५ मिलिसेकंदांनी वाचून कोणाचं भलं होणार नाही. ते बाकीचे मुख्य स्कॅनमध्येच राहिले. एक मिलिसेकंदाची वेळ स्वतः मारणारं इनपुट कार्ड बाजारात मिळतं, पण उपलब्ध निधीत ते बसेना, आणि या कामाला ५ मिलिसेकंद पुरेसे होते.

इथे एक बारीक खाच आहे. घड्याळ वाचताना सेकंद एका ओळीत आणि मिलिसेकंद पुढच्या ओळीत वाचले, आणि नेमका मध्येच सेकंद बदलला, तर ०७.९९९ चं रूपांतर ०७.००१ मध्ये होतं. घटना जवळजवळ एक सेकंद आधी घडल्याची दिसते. क्वचितच होईल, पण होईल तेव्हा अशाच एखाद्या रात्री होईल. म्हणून पूर्ण वेळ एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये उचलायची आणि मग तिचे तुकडे पाडायचे.

रांगेत प्रत्येक नोंदीला बिंदू क्रमांक, नवी स्थिती, दर्जाचा बिट (वाचन भरवशाचं आहे की नाही) आणि वेळ. जागा ५०० नोंदींची. रांग भरली तर काय, यावर आमच्यात बरीच घासाघीस झाली. बऱ्याच उपकरणांत जुनी नोंद टाकून नवी घेतात. ट्रिपच्या तपासात मोलाच्या असतात त्या पहिल्या दहा-वीस नोंदी, नंतरचा असतो तो गोंगाट. म्हणून रांग भरली की नव्या घेणं थांबवायचं आणि शेवटच्या जागेत 'रांग भरली' अशी वेळेसकट नोंद टाकायची, असं ठरवलं. पंपहाऊससाठी मला हेच बरोबर वाटतं. दुसरीकडे, जिथे ऑपरेटरला ताजी स्थिती हवी असते, तिथे कदाचित उलट.

पावतीची गोष्ट

खरा वेळ खाल्ला तो पोचवण्याने. एका घटना-ब्लॉकमध्ये १० नोंदी मावायच्या. पहिल्या मसुद्यात लॅडरमध्ये 'नवीन घटना' असा एक बिट एका स्कॅनपुरता उभा राहायचा आणि पुढच्या स्कॅनला रांगेतून त्या १० नोंदी पुसल्या जायच्या. टेबलावर एक-एक स्विच दाबून पाहिलं तर सगळं छान चालायचं. पंप ट्रिपचा खरा देखावा केला, म्हणजे चाळीसेक बिंदू सेकंदाच्या आत हलवले, की मधल्याच नोंदी गायब. कारण मॉड्यूल त्या क्षणी मास्टरकडून आलेला आदेशाचा ब्लॉक पीएलसीकडे सरकवत असे, बॅकप्लेनची ती फेरी त्यात जायची, आणि इकडे पीएलसी पत्र टाकलं समजून स्थळप्रत फाडून मोकळा.

बिट काढून क्रमांक आणला. प्रत्येक घटना-ब्लॉकला चढता अनुक्रमांक. मॉड्यूल ब्लॉक घेतल्यावर तोच क्रमांक परतीच्या ब्लॉकमध्ये लिहून पाठवतं, सोबत निकालाचा कोड. परत आलेला क्रमांक जुळला तरच रांगेतून १० नोंदी काढायच्या, नाहीतर तोच ब्लॉक तसाच पुन्हा. चाळीस नोंदींना चार ब्लॉक, प्रत्येकाला जाऊन-येऊन साधारण दोन स्कॅन, म्हणजे सगळं पोचायला अर्धा सेकंद. तेवढा वेळ लागला तरी हरकत नाही, कारण वेळ आधीच पाकिटावर पडलेली आहे.

मग प्रश्न आला मॉड्यूल मध्येच रीस्टार्ट झालं तर. पीएलसी ४७ क्रमांकाच्या पावतीची वाट पाहत बसलेला, आणि मॉड्यूलला ४७ हा क्रमांक कधी ऐकल्याचंही आठवत नाही. यासाठी शून्य हा क्रमांक राखून ठेवला. मॉड्यूलकडून शून्य आलं म्हणजे ते नुकतंच उठलं आहे, पावती न मिळालेला शेवटचा ब्लॉक पुन्हा द्यायचा. अशाने एखादी नोंद दोनदा जाऊ शकते. जाऊ दे. तोच बिंदू, तीच स्थिती, तीच वेळ असलेली दुसरी नोंद मास्टरला गाळता येते. हरवलेली नोंद कुठून आणणार?

एवढं करून यादी उघडली तर प्रत्येक घटना दोनदा. एक पीएलसीच्या वेळेची, दुसरी काहीशे मिलिसेकंदांनी मागून आलेली. स्थितीचे नेहमीचे ब्लॉक जातच होते, आणि त्यातला बदल पाहून मॉड्यूल जुन्या सवयीने स्वतःची घटना बनवतच होतं. ही सवय बंद करणारी सेटिंग बिंदूगणिक नव्हती, सगळ्या बायनरी इनपुटना मिळून एकच होती. त्यामुळे दाराच्या स्विचसकट सगळे बिंदू पीएलसीच्या रांगेत आणावे लागले. काम वाढलं, पण एका यादीत दोन घड्याळं नांदण्यापेक्षा ते परवडलं.

घड्याळ

आता वेळ पीएलसी मारणार, तर पीएलसीचं घड्याळ बरोबर हवं. मास्टर डीएनपी३ वरून वेळ पाठवायचा, पण तो मॉड्यूलपर्यंतच. मॉड्यूल रोज शहाण्यासारखं घड्याळ लावून घ्यायचं आणि शेजारच्या स्लॉटमधला पीएलसी कमिशनिंगच्या दिवशी लॅपटॉपवरून लावलेल्या वेळेवर चाललेला. मॉड्यूलकडून वेळेचा ब्लॉक मागवून पीएलसीचं घड्याळ दर तासाला जुळवायची व्यवस्था केली. रेडिओला लागणारा वेळ मास्टरने फंक्शन कोड २३ ने (उशीर मोजायच्या आदेशाने) मोजून वजा करायचा असतो. तो पर्याय मास्टरमध्ये बंद होता, चालू केला.

डीएनपी३ ची वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद, ४८ बिटांत, आणि मानकानुसार यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ). पीएलसी मात्र भारतीय वेळेवर होता, कारण पॅनेलवरच्या पडद्यावर मामांना घड्याळासारखी वेळ दिसायला हवी. पहिल्याच चाचणीत सगळ्या घटना साडेपाच तास पुढच्या आल्या, म्हणजे अजून न घडलेल्या. आत यूटीसी आणि दाखवताना साडेपाच तास मिळवायचे, हा तोडगा निघाला.

घड्याळ मागे ओढताना एक काळजी घ्यावी लागते. फरक २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त निघाला तर 'वेळ बदलली' अशी वेगळी घटना जुन्या आणि नव्या दोन्ही वेळांसह टाकायची. एरवी सहा महिन्यांनी कोणीतरी यादी पाहून म्हणणार की ब्रेकर उघडण्याआधीच बंद झाला.

चाचणी आणि उरलेलं

चाचणीला साधा डबा बनवला. दोन रिले, मध्ये ठरवून ठेवलेलं अंतर, ते अंतर ऑसिलोस्कोपवर मोजलेलं. ५० मिलिसेकंद अंतर ठेवलं तर यादीत ४५ ते ५५ दिसायला हवं, आणि दिसलं. इनपुट कार्डाचा स्वतःचा फिल्टर दोन्ही बिंदूंना सारखा असल्याने तो अंतरात येत नाही. पण एक बिंदू डीसी कार्डावर आणि दुसरा एसी कार्डावर असेल तर येतो, कारण एसी कार्डाला ओळखायलाच जास्त वेळ लागतो. ब्रेकरचा संपर्क एसी कार्डावर होता, तो हलवून घेतला.

रेडिओची केबल काढून तासभर ठेवली आणि परत जोडली. नोंदी सगळ्या आल्या, पण स्काडाच्या पडद्यावर त्या आल्या त्या क्रमाने लागल्या, घडल्या त्या क्रमाने नव्हे, आणि तासाभरापूर्वीच्या अलार्मचे भोंगे आत्ता वाजले. केंद्रातला ऑपरेटर वैतागला तो योग्यच. यादी घटनेच्या वेळेवर लावून घेतली आणि भोंगा फक्त ताज्या नोंदींना ठेवला. त्याच चाचणीत मॉड्यूलच्या बफर-ओव्हरफ्लोचा बिट मास्टरला आला. खापर फुटलं प्रेशरच्या अॅनालॉग घटनांवर. डेडबँड (किती बदल झाला की नोंद करायची ती मर्यादा) शून्य ठेवलेला असल्याने पाण्याच्या नुसत्या थरथरीने त्यांचा बफर भरत होता. डेडबँड रेंजच्या अर्ध्या टक्क्यावर नेला, प्रश्न मिटला.

एक दुखणं यातल्या कशानेही बरं होत नाही. प्रेशर लो हा स्विच नव्हता, ट्रान्समीटरच्या आकड्यावरून पीएलसीत काढलेला बिंदू होता, आणि ट्रान्समीटरमध्ये डँपिंग (आकड्यातले झटके गुळगुळीत करणारी सोय) लावलेलं. पडद्यावरचा आकडा नाचू नये म्हणून कोणीतरी ते वाढवून ठेवलं होतं. पाच मिलिसेकंदांच्या टास्कने कितीही चोख वेळ मारली तरी सिग्नलच उशिरा येत असेल तर ती वेळ त्या उशिराचीच. डँपिंग किमान ठेवलं आणि पडद्यावरच्या आकड्यासाठी पीएलसीत वेगळा फिल्टर घातला. एनआरव्हीचा लिमिट स्विच अजूनही आपटताना दोन-तीनदा उघडझाप करतो. त्याला मुद्दाम डिबाउन्स (अशी उघडझाप गाळणारा उशीर) लावलेला नाही, कारण ती उघडझाप म्हणजे झडप किती जोरात बसली याची एकमेव खूण आहे.

पलीकडच्या टोकाला, डोंगरावरच्या एमबीआरवर (मुख्य संतुलन टाकीवर), १९७९ च्या मॉडबसवर बोलणारा एक छोटा कंट्रोलर आहे. त्याच्याकडे वेळही नाही आणि घटनाही नाही, मास्टर दर पाच सेकंदांनी विचारतो तेव्हा तो फक्त आत्ताची पातळी सांगतो. त्याच्या नोंदी यादीत वेगळ्या रंगात टाकल्या आहेत आणि त्यांच्या वेळेतले मिलिसेकंद छापणं बंद केलं आहे.